मोहखोऱ्याची श्रवणसन्मान योजना

कीर्तन हे ऐकण्यासाठी असते, असा एक समज शहरांत आणि काही जुन्या पोथ्यांत अजून आढळतो. मुरबाड-शहापूर रस्त्यावरून आत, ओढ्याच्या अंगाने वसलेल्या मोहखोरे या गावाने तो कधीच टाकून दिला. कीर्तन हे ऐकवण्यासाठी असते. कोणाला, तर ओढ्यापलीकडच्या खुटलवाडीला.

यामागे द्वेष नाही, शास्त्र आहे. नाम घेणाऱ्याला पुण्य लागते, हे सर्वमान्य आहे. ऐकणाऱ्यालाही लागते. मग जो ऐकायला तयारच नाही, घरात गोधडीत डोके खुपसून पडला आहे, त्याच्या कानात ते नाम बळेच ओतणाऱ्याला किती लागत असेल? हा हिशेब मोहखोऱ्याने केलेला होता. म्हणून माघातल्या सप्ताहात मंडपावर चार भोंगे चढत. तिघांची तोंडे खुटलवाडीकडे आणि चौथ्याचे आभाळाकडे (तो देवासाठी). मंडपाकडे तोंड केलेला भोंगा नसे, कारण मंडपातली माणसे आधीच आलेली होती. आलेल्यांना हाक मारण्यात काय हशील? त्यांना कीर्तन ऐकू येई ते समोरच्या डोंगरावर आपटून माघारी आल्यावर. बुवांनी विनोद केला की आधी खुटलवाडी हसे, मग डोंगर हसे आणि शेवटी मोहखोरे हसे. (आपण कधीच हसलो नाही, असे खुटलवाडीचे म्हणणे आहे.)

हा सगळा कारभार ज्या अ‍ॅम्प्लिफायरवर चाले, तो सोमा भोईरचा होता. सोमा वाशिंदच्या कारखान्यात कामाला होता आणि सप्ताहासाठी दरवर्षी मामा वारल्याची रजा टाकत असे. नव्वदीचे दशक सरत आले, तोवर त्याचे एवढे मामा वारले होते की सुपरवायझर आता आजोळची माणसे कशी आहेत असे न विचारता किती उरलीत असे विचारी. अ‍ॅम्प्लिफायर कल्याणहून आणलेला, परवडणारा. परवडणारा म्हणजे काय, हे त्याच्या अंगावरच लिहिले होते. पुढच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत ‘२५० वॅट’ असे होते; त्यातले तीसेक वॅट विजेचे आणि बाकीचे रंगाचे. तरीही सोमाची त्याच्यावर माया होती. गावात कोणाचे बारसे असो, हळद असो, सोमा त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन जाई.

सोमाची आई येसूबाई. सप्ताहाला तिच्याशिवाय तोंड लागत नसे. अभंग तिला इतके पाठ, की एखादा बुवा चरण विसरला तर बायकांच्या बाजूने तो ओढ्याच्या पाण्यासारखा हळूच वाहत येई आणि बुवा तो उचलून पुढे जात. सोमाला चाल कशाला म्हणतात हे तिच्याच मांडीवर कळले. पण गेल्या काही वर्षांत तिचे कान मंदावले होते. अभंगांचे काही अडत नव्हते. ते आतच होते. अडत होते ते निरूपणाचे. बुवा मधेच दृष्टांत देत, गमतीची गोष्ट सांगत, मंडप हसे आणि येसूबाईपर्यंत भोंग्यांचा नुसता गडगडाट पोचे, दगडांचा ट्रक रिकामा करावा तसा.

मग ती काय करी? ती आजूबाजूच्या बायकांच्या तोंडाकडे बघे आणि त्या हसल्या की हसे. जरा मागून, पण मनापासून. विश्वासावर हसणे म्हणा.

त्या वर्षी सप्ताहाच्या आदल्या दिवशी ती ओटीवर तांदूळ निवडता निवडता सोमाला म्हणाली, “औंदा काल्याला मुरबाडकर बुवा हाय ना रे?”

“हाय.”

“मानसं लय हसतात त्यांच्या कीर्तनाला.”

“हसतात.”

“कशाला हसतात ते एकदा तरी कलायला पायजे रे, सोमा. मी नुसती उसनी हसते.”

त्याची बायको जना आतून म्हणाली, “एवढा मोठा आपरेटर हाय ना घरात. शेजारच्या गावाला आयकवतो, आयशीला आयकवता येत नाय.”

ही गोष्ट सोमाला लागली, आणि तिथून विज्ञानाची सुरुवात झाली.

विज्ञानाची पहिली पायरी चूक असते असे म्हणतात, आणि सोमा पायरी चुकवणारा माणूस नव्हता. कल्याणच्या पुलाखाली वॉकमनचे हेडफोन ढिगाने मिळत. त्यातला एक काळ्या स्पंजाचा त्याने आणला, त्याची वायर सोलली आणि भोंग्याच्या जागी सरळ अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. भोंगा म्हणजे बैल. त्याला ओढायला गाडीभर ताकद लागते. हेडफोन म्हणजे मुंगी. सोमाने मुंगीच्या मानेवर बैलाचे जू ठेवले. फट् असा आवाज झाला, काळ्या स्पंजातून धुराची एक नाजूक रेघ निघाली आणि मोहखोऱ्यातला पहिला हेडफोन कोणाच्याही कानात न जाता वारला. (सुदैवाने तो अजून सोमाच्या हातातच होता.)

दुसऱ्या दिवशी सोमा शहापूरला अनिकेतच्या दुकानात गेला. अनिकेत रेडिओ-टेप दुरुस्त करी. जयंतीच्या मिरवणुकीला शहापुरात त्याचेच बॉक्स लागत. त्याने मेलेला हेडफोन उलटसुलट करून पाहिला.

“काय रे, याच्यावर भात शिजवत होतास का?”

“आयेला कीर्तन आयकवायचा हाय.”

“मग मधे रेझिस्टर टाक ना बाबा. अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरचा हाय, त्याला काय ठाऊक पलीकडं कान हाय का डोंगर हाय.” अनिकेतने खडूच्या तुकड्याएवढी एक पांढरी वस्तू काढून दिली. “हा आवाजाला वाटेत अडवतो. कानाला लागंल तेवढाच पुढं सोडतो. बांधावर पानी अडवतात तसा.”

सोमाने दुसरा हेडफोन आणला, मधे तो पांढरा बांध घातला, आणि सप्ताहाच्या दुसऱ्या संध्याकाळी, दिवेलागण होताच, मंडपातल्या बायकांच्या बाजूपर्यंत एक लांब वायर ओढून येसूबाईच्या पदराखाली कानांवर हेडफोन चढवला. भोंगे वर आपल्या जागी गरजतच होते.

येसूबाईने पदर कानांशी घट्ट धरला. मग सोमाला हाताने जवळ बोलावून, बहिरी माणसे बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाली, “तंबोरा कोन वाजवतो?”

तंबोरा कोणीच वाजवत नव्हता. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर मुळातच सतत एक बारीक म्म्म असा सूर धरून असतो. भोंग्यावर तो ऐकू येत नाही, हेडफोनवर लपत नाही. शहरातले शौकीन लोक हा सूर घालवण्यासाठी जीव टाकतात असे ऐकिवात आहे. येसूबाईला तो बरोबर बुवांच्या षड्जाला मिळालेला वाटला. सोमानेही मग ती दुरुस्ती करायची नाही असे ठरवले.

आणि बुवा (त्या दिवशीचे बुवा किन्हवलीकडचे होते) एक दृष्टांत सांगू लागले. एक सासू, एक सून आणि एक ताकाचे मडके, अशी काहीतरी गोष्ट. मडके फुटायच्या ठिकाणी येसूबाई हसली. खळखळून, टाळी देऊन हसली. मंडपात त्या वेळी पूर्ण शांतता होती, कारण मडके अजून डोंगरावरून परत यायचे होते.

इथे मोहखोऱ्याचा एक रिवाज सांगणे भाग आहे. सप्ताह समितीचे अध्यक्ष धोंडीशेठ विशे, वीटभट्टीवाले. कीर्तनात विनोद झाला की अध्यक्ष हसतात, मग मानकरी हसतात, मग पुरुष, मग बायका, आणि ज्यांना वेळ असेल ती पोरे. हा क्रम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो कोणी मोडत नसे. त्या संध्याकाळी मात्र एक म्हातारी अध्यक्षांच्या आधी हसली. धोंडीशेठांचे तोंड हसण्यासाठी अर्धे उघडले होते ते तसेच राहिले. आता हसावे तर म्हातारीच्या मागून हसल्यासारखे होते, न हसावे तर बुवांचा अपमान. त्यांनी खोकून वेळ मारून नेली. मानकरीही पाठोपाठ खोकले.

तेवढ्यावर भागते तर सप्ताह सुखात पार पडता. पण माइक ही फार भोळी वस्तू आहे. ती बुवांचे बोलणे घेते आणि शेजारच्याची कुजबुजही घेते. धोंडीशेठ बुवांच्या कानाशी लागून पुटपुटले, “बुवा, भात कच्चा हाय. आनखी जरा ताना.” भोंग्यांतून हे वाक्य खुटलवाडीपर्यंत गेले, पण भोंग्यांतून जाताना कुठल्याही वाक्याचा गडगडाट होत असल्यामुळे तिकडे ते अभंग म्हणूनच पोचले. येसूबाईच्या कानात मात्र ते लख्ख उतरले. ती आपल्या जागेवरून सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी म्हणाली, “भात कच्चा असंल तर लाकडं घाला ना धोंडीशेठ, बुवाला कशाला शिजवता?”

हे वाक्य डोंगरावरून यायचे नव्हते. सगळ्यांना ताबडतोब ऐकू आले. खुद्द बुवा हसले. सोमाला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम वाटल्या: आपल्या आईला ऐकू येऊ लागले याचा आनंद, आणि ते आता फार दिवस टिकणार नाही अशी भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर समितीची तातडीची बैठक झाली. समितीने प्रश्नाच्या सर्व बाजू तपासल्या, हे मान्य केले पाहिजे. उत्साही लोक अशा प्रसंगी रागाच्या भरात यंत्र फोडून टाकतात. समितीने तसले काही केले नाही. समितीने यंत्राचे कौतुक केले. इतके उत्तम साधन गावात निर्माण व्हावे ही भूषणाची गोष्ट आहे, असे धोंडीशेठ म्हणाले. आणि भूषण हे नेहमी वरून खाली जात असल्यामुळे, ते वरूनच सुरू व्हायला हवे होते, एवढीच काय ती चूक. तेव्हा ‘श्रवणसन्मान योजना’ सुरू करण्याचा ठराव एकमताने झाला. शाल आणि नारळ यांनी होणाऱ्या सत्काराला लोक कंटाळले होतेच (धोंडीशेठांच्या घरी शालींवर मांजर वीत असे). यापुढे काल्याच्या दिवशी सात मानकऱ्यांना व्यासपीठावर बसवून हेडफोन चढवण्यात यावेत.

सोमाने, समितीपुढे उभे राहून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन विचारले, “मग आयेचा?”

समितीचे चिटणीस, जे पंचायतीत कारकून होते आणि ज्यांना वाक्य सरळ संपवता येत नसे, त्यांनी उत्तर दिले की सदर साधन हे श्रवणाचे असल्याकारणाने ते श्रवण करू शकणाऱ्यांनाच देणे उचित ठरेल. ज्यांना ऐकू येत नाही अशांस ऐकण्याचे साधन देणे म्हणजे साधनाचा अपव्यय होय. बहिरेपण ही उणीव आहे, पात्रता नव्हे. आंधळ्यास चष्मा देत नाहीत.

“पर तिला त्याच्यातून आयकू येतं,” सोमा म्हणाला.

“तीच तर तक्रार हाय,” धोंडीशेठ म्हणाले.

मात्र समिती निर्दय नव्हती. येसूबाईचे वय आणि तिचे अभंगांचे पाठांतर लक्षात घेऊन तिचे नाव प्रतीक्षेत ठेवण्यात आले. मानकऱ्यांपैकी कोणी गैरहजर राहिल्यास, आणि तालुक्याहून कोणी पाहुणा न आल्यास, आणि आलेल्या पाहुण्याला नको असल्यास, तिचा विचार व्हावा. येसूबाईच्या कानावरचा हेडफोन त्याच दुपारी समितीकडे जमा झाला. तो चालू स्थितीत सिद्ध झालेला असल्यामुळे अध्यक्षांसाठी राखून ठेवण्यात आला.

उरलेले सहा आणायला चिटणीस स्वतः कल्याणला गेले. पाच काळे मिळाले. सहावा गुलाबी होता आणि त्याच्या दोन्ही कानांवर बाहुलीचे चित्र होते. तो उपाध्यक्षांना देण्याचे ठरले, कारण उपाध्यक्षपद हे मुळात अशा प्रसंगांसाठीच निर्माण केलेले असते.

आता तांत्रिक बाजू. सोमाने समितीला समजावले की प्रत्येक हेडफोनच्या आधी एक पांढरा रेझिस्टर लागेल, नाहीतर फट् होईल. रेझिस्टर म्हणजे काय, असे धोंडीशेठांनी विचारले. सोमाने अनिकेतचे शब्द जसेच्या तसे सांगितले: तो आवाजाला वाटेत अडवतो.

“म्हंजे हरिनाम अडवतो,” धोंडीशेठ म्हणाले.

“अडवतो म्हंजे... जरासा सोडतो.”

“देवाचं नाव जरासं सोडनारा तू कोन? आमच्या बापानं हा सप्ता चालू केला तो नाम अडवायला नाय.”

नामाला अडथळा आणणारी वस्तू सप्ताहाच्या मंडपात येऊ नये, असा दुसरा ठराव झाला, आणि अध्यक्षांच्या हेडफोनमधला पांढरा बांधही काढून टाकण्यात आला. मग उरला एकच मार्ग: अ‍ॅम्प्लिफायरचे बटण पार तळाला, नखभर वर ठेवायचे. त्याने हेडफोन जगणार होते. पण त्याच बटणावर चार भोंगेही होते. सोमाने हेही सांगितले. तोवर बैठक संपून चहा आला होता.

घरी सोमाने आईला काही सांगितले नाही. तिने विचारले, “तो कानाचा कुठं गेला रे?” तो म्हणाला, “दुरुस्तीला.” ती म्हणाली, “काल्याला पायजे हां मला.” जनाने त्याच्याकडे पाहिले. त्याने अ‍ॅम्प्लिफायरवरची धूळ पुसायला घेतली. धूळ नव्हतीच.

काल्याचा दिवस उजाडला. सकाळचे कोवळे ऊन मंडपाच्या कापडातून गाळून खाली पडले होते, दह्याची हंडी मधोमध टांगली होती, टाळकरी दोन्ही बाजूंना उभे राहिले, मृदंगाला कणीक लागली. हे सगळे पाहून ज्याचा ऊर भरून येत नाही त्याने डॉक्टरला दाखवावे. मुरबाडकर बुवा आले. मोठा गोड माणूस. आवाजात गूळ, आणि गोष्ट सांगताना भुवया अशा उडवणार की निम्मी गोष्ट तिथेच कळावी. त्यांच्या मागे व्यासपीठावर सात मानकरी बसले, आणि श्रवणसन्मान सुरू झाला.

येथे एक अडचण आली, जी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. मानकऱ्याला फेटा बांधलेला असतो. कीर्तनात फेटा उतरवून उघड्या डोक्याने बसणे हे कोणत्याही भल्या माणसाच्या हातून होणार नाही. आणि काल्याचा फेटा म्हणजे काही साधा नसतो. खास मुरबाडहून बोलावलेला माणूस तो कान झाकून, दोन्ही बाजूंना गादीसारखा जाड बांधतो. धोंडीशेठांनी हेडफोन हातात घेतला, फेट्याला हात लावला, क्षणभर विचार केला आणि हेडफोन फेट्यावर चढवला. बाकीच्या सहांनी तसेच केले. अशा प्रकारे प्रत्येक मानकऱ्याच्या दोन्ही कानांवर पाच-सहा पदर उंची कापड आणि त्यावर हेडफोन असा सन्मान झाला. उपाध्यक्षांच्या गुलाबी फेट्यावर गुलाबी बाहुल्या मात्र खुलून दिसत होत्या.

सोमाने बटण नखभर वर नेले. बुवांनी अभंग लावला.

सातही फेट्यांना कीर्तन ऐकू येऊ लागले. फेट्यांच्या आतल्या माणसांना काहीच नव्हते. पण सत्कार झालेला माणूस व्यासपीठावर बसून ‘मला ऐकू येत नाही’ म्हणत नसतो. धोंडीशेठांनी डोळे मिटून मान डोलावली. साही माना डोलल्या. खाली मंडपातल्या लोकांनी नेहमीप्रमाणे कान डोंगराकडे लावले होते. डोंगर गप्प होता. लोकांना वाटले, आज उशीर लागतोय. ज्यांना वायरी जोडल्या आहेत ते डोलत आहेत, त्याअर्थी कीर्तन चालू आहे. आपण फक्त थांबायचे. तेही डोलू लागले. मंडपातली भजनी शिस्त इतकी चोख होती की शेवटच्या रांगेत कोणी टाचणी टाकली असती तर तिच्यावर कारवाई झाली असती.

ओढ्यापलीकडे मात्र हाहाकार उडाला. इतक्या वर्षांत काल्याच्या दिवशी मोहखोऱ्याचे भोंगे बंद राहिल्याचे कोणाला आठवत नव्हते. एवढा सप्ताह अर्ध्यावर थांबतो तो एकाच कारणाने. खुटलवाडीची जाणती माणसे हातातले काम टाकून, पांढऱ्या टोप्या घालून, खाली मान घालून ओढा ओलांडून आली आणि मंडपाच्या कडेला गुपचूप बसली. “कोन गेला?” असे त्यांच्यातल्या एकाने शेजारच्याला हळू विचारले. शेजारी डोलत होता. त्याने ओठांवर बोट ठेवले. खुटलवाडीकरांना वाटले, घरातलेच कोणीतरी असणार. दुःख फार दिसते. तेही डोलू लागले.

बायकांच्या बाजूला येसूबाई बसली होती. कानावर हेडफोन नव्हता. सोमाने लाजेने तिच्याकडे पाहिलेही नव्हते. इतर वर्षी गडगडाट तरी येई. आज गडगडाटही नव्हता. बुवांचे ओठ हलत होते, भुवया उडत होत्या, टाळ झुलत होते, आणि आवाज म्हणून काही नव्हता. बटणाची भानगड तिला ठाऊक नव्हती. ती शेजारी बसलेल्या जनाला म्हणाली, “आज पार गेले गो माजे कान. आता काय, संपला.” आणि शांतपणे पदर सावरून उठली.

निदान बुवांच्या पाया तरी पडून घ्यावे, एवढाच तिचा विचार होता. कीर्तन चालू असताना बाईने उठून पुढे जाऊ नये असा नियम मोहखोऱ्यात नव्हता, कारण तसे कोणी करील हेच कोणाला सुचले नव्हते. चिटणीस तो नियम जागच्या जागी करायला उठले, पण वाक्य पुरे होईपर्यंत ती पोचली. तिने बुवांच्या पायावर डोके ठेवले आणि तिथेच, पायाशी, वर तोंड करून बसली.

बुवा त्या वेळी कृष्णाच्या सवंगड्यांच्या गोष्टीत होते आणि मोठ्या संकटात होते. आपली सर्वांत हुकमी जागा त्यांनी दोनदा सांगून पाहिली होती. कोणी हसले नव्हते. मागे सात माणसे डोलत होती, पुढे सगळा मंडप डोलत होता, आणि कडेला पांढऱ्या टोप्यांतली काही अनोळखी माणसे डोळे पुसत होती. आयुष्यात असा श्रोता त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना घाम फुटला होता. अशा वेळी पायाशी एक चेहरा दिसला, जो त्यांच्या ओठांकडे असा बघत होता जसे लहान पोर घास भरवणाऱ्याच्या हाताकडे बघते.

बुवा खाली वाकले. चिपळी बाजूला ठेवली. दोन्ही हातांचा द्रोण येसूबाईच्या कानाशी धरला, आणि ती हुकमी जागा तिसऱ्यांदा सांगितली, एकट्या तिला.

येसूबाई हसली. आधी खांदे हलले, मग पोट, मग ती मागे कलली आणि डोळ्यांतून पाणी काढून हसली.

ते बघून जना हसली. बायका हसल्या. पुरुष हसले. मंडपाने इतका वेळ रोखून धरलेले सगळे हसू बांध फुटल्यासारखे सुटले. खुटलवाडीकर आधी बिचकले, कारण मयताला हसणे बरे नव्हे. पण घरचेच हसतात म्हटल्यावर दोघेतिघे चोरून हसले. धोंडीशेठांनी डोळे उघडले तेव्हा सगळे गाव हसून मोकळे झाले होते. त्यांनी एकट्याने, सर्वांच्या शेवटी, हसून घेतले.

त्यानंतर काल्याचे संपूर्ण कीर्तन त्याच पद्धतीने झाले. बुवा येसूबाईच्या कानात सांगत, आणि मंडप येसूबाईच्या तोंडाकडे बघून ऐके. ती गहिवरली की गहिवरे, तिने हात जोडले की हात जोडे. सोमा अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसून होता. त्याने नखभर वर असलेले बटण हळूच तळाला नेले आणि बंद केले. काहीही फरक पडला नाही.

दहीहंडी फुटली, पंगत बसली (भात शिजलेला होता). समितीने समारोपात जाहीर केले की श्रवणसन्मान योजना पूर्ण यशस्वी झाली असून, कीर्तनाचा इतका एकाग्र आस्वाद गावाने यापूर्वी घेतला नव्हता. शेजारच्या गावातूनही मंडळी प्रथमच स्वतःहून आली. हे शब्दशः खरे होते. पुढच्या वर्षी आसपासच्या तीन गावांनी आपापल्या मानकऱ्यांसाठी हेडफोन मागवले. त्यांतल्या एकाने वायर अडखळते म्हणून ती काढूनच टाकली, आणि कोणतीही तक्रार आली नाही.

घरी येताना सोमाने आईला विचारले, “आये, काय सांगितलं बुवांनी तुला? काय होता एवढा?”

येसूबाईने त्याच्याकडे जरा काळजीने पाहिले. “का रे, तुला नाय आयकू आला? एवढा तरनाताठा हायस. कान दाखव एकदा शहापूरला.”

जनाने विचारले, शेजारणींनी विचारले, धोंडीशेठांनी निरोप पाठवून विचारले. समोर बसून सगळे ऐकले अशी ज्यांची ज्यांची ख्याती आहे, त्यांना ती गोष्ट पुन्हा सांगायची गरज येसूबाईला वाटली नाही. बुवांनी त्या सकाळी तिच्या कानात काय सांगितले, हे मोहखोऱ्यात कोणालाच ठाऊक नाही.

ते वाचकहो, तुम्हालाही ठाऊक नाही. सदर विनोद या कथेत कुठेही छापलेला नाही. मागे जाऊन खात्री करून घ्यावी. तरीही म्हातारी हसली तेव्हा तुमच्या ओठांवर काहीतरी आले होते. नाही म्हणू नका. समितीने ते पाहिले आहे, आणि एवढ्या नेमक्या जागी दाद देणारा श्रोता बाहेर उभा ठेवणे तिला योग्य वाटत नाही. पुढल्या माघात अवश्य यावे. व्यासपीठावर तुमची जागा राखून ठेवलेली आहे. फेटा समितीतर्फे बांधण्यात येईल.